चाक नवरीनं लावायचं

आमच्या बेंबळीच्या उमाक्कांच्या हातच्या वस्तू जिल्ह्यातल्या निम्म्या मंगल कार्यालयांत मांडून झाल्या आहेत, आणि त्यांतल्या एकीवरही त्यांचं नाव नाही. मोत्यांची बैलगाडी, सुपाऱ्यांचे भटजी, काडेपेटीच्या काड्यांचं दुमजली घर, नारळाचे नवरा-नवरी. हे सगळं लग्नात नवरीकडच्या टेबलावर रुखवत म्हणून बसतं आणि समोर चमकीच्या अक्षरांत पाटी असते, 'चि. सौ. कां. अमुक हिने स्वहस्ते केले.' स्वहस्ते म्हणजे उमाक्कांच्या हस्ते, हे नवरीला आणि तिच्या आईला माहीत असतं. नवऱ्याकडच्या बायकांना कळू नये म्हणून माल बेंबळीहून खताच्या पोत्यात घालून जातो.

उमाक्का आता साठीला टेकल्यात. त्यांचे यजमान गौरीशंकर अण्णा यांचं स्टँडजवळ स्टेशनरीचं दुकान आहे. पुढं वह्या-पेनं, मागच्या खोलीत रुखवत. पोतं उचलण्याआधी उमाक्का नवरीला समोर बसवून तिची तयारी करून घेतात.

"सासूकडच्या कुणी विचारलं किती दिवस लागलं, तर काय सांगशील?"

"परीक्षा झाल्यापासून बसले होते."

"आन् बैलाची शिंगं कशाची?"

"झाडूच्या काड्यांची."

"झाडूच्या न्हाय, खराट्याच्या. झाडू म्हनलीस की धरली जाशील. पुन्हा सांग."

मी त्यांच्या शेजारची शिवांजली. कॉम्प्युटर इंजिनिअर आहे आणि पुण्याच्या एका कंपनीचं काम घरूनच करते. गावात माझी ओळख 'लाइट गेली की आरडाओरडा करणारी' अशी आहे. एके दिवशी उमाक्का कुंपणाशी आल्या आणि म्हणाल्या, "शिवे, मला एक दुकान काढून दे, मोबाइलमधलं. त्याच्यावर माझं नाव पायजे. एवढी वर्सं आमी करायचं आन् लोकांच्या पोरींनी सह्या ठोकायच्या. मरायच्या आधी एकदा तरी कुठंतरी 'उमादेवी' असं लिवलेलं बघू दे."

मला अशी संधी हवीच होती. पण पहिल्याच दिवशी आमचं वाजलं. उमाक्कांना सगळ्याच्या सगळ्या वस्तू पहिल्या पानावर हव्या होत्या.

"अक्का, एवढं एकदम दाखवलं तर माणूस गोंधळतो."

"दुकानात आपन काय झाकून ठिवतो का?"

त्यांच्या मनासारखं केलं. पान इतकं जड झालं की अण्णांनी ते उघडायला लावलं, चहा पिऊन आले, तेव्हा कुठं सुपाऱ्यांच्या भटजींचं डोकं दिसायला लागलं होतं. अण्णा म्हणाले, "धड येईपर्यंत लग्न लागून जाईल." मग उमाक्का नरमल्या. मी वस्तूंची वर्गवारी केली, फोटो हलके केले, कुठली वस्तू टेबलावर किती जागा खाते ते लिहिलं. आणि सगळ्यात वर एक मोठं बटण ठेवलं, 'लग्न आठवड्यावर आलंय'. आमच्या भागात लग्न ठरणं आणि लग्न लागणं यात फार अंतर नसतं. सगळ्यात जास्त बोटं त्या बटणावरच पडली.

'आमच्याविषयी' या पानावर मात्र उमाक्कांनी माघार घेतली नाही. तिथं त्यांचा लग्नाआधीचा, स्टुडिओत काढलेला फोटो लागला. दोन वेण्या, आणि कानाला टेलिफोनचा रिसीव्हर. मी म्हटलं, आत्ताचा घालू. तर म्हणाल्या, "दुकान नवीन हाय ना? मग मालकीन जुनी कशाला?"

विक्री सुरू झाली, पण अभिप्राय येईनात. ऑनलाइन दुकानाला अभिप्राय नसले की परका माणूस पैसे भरताना कचरतो. म्हणून वस्तू पोहोचली की 'कशी वाटली? तारे द्या' असा मेसेज आपोआप जाईल, अशी सोय मी केली. पहिलं उत्तर आलं, "ताई, परत मेसेज टाकू नका, मोबाइल सासूबाईंकडं असतो." दुसरं आलं, "कोण तुम्ही? मी काही मागवलेलं नाही." पाठोपाठ त्याच नंबरवरून, "पण छान होतं."

तेव्हा उमाक्कांनी कपाटातून जुने अल्बम काढले. लग्न पार पडलं की नवरीची आई रुखवताचा एक फोटो त्यांना गुपचूप आणून द्यायची, ही जुनी रीत. प्रत्येक फोटोमागं उमाक्कांनी नाव, गाव आणि काय काय दिलं ते लिहून ठेवलेलं. "हे समदं टाक. नावासकट."

मला आनंदच झाला. समाधानी ग्राहक दाखवले की विश्वास वाढतो, हे मी शिकलेच होते. फोटो स्कॅन केले, त्यांच्या मागचा मजकूर जसाच्या तसा टाइप केला आणि 'आमची कामगिरी' नावाचं पान चढवलं. सर्चमध्ये वर येण्यासाठी जे जे करतात ते सगळं केलं. महिन्याभरात कुणीही 'मोत्यांची बैलगाडी' असं शोधलं की पहिलं नाव आमचं येऊ लागलं. त्या आनंदात मी कुंथलगिरीचे पेढे वाटले.

पेढे संपतात न संपतात तोच आम्ही दोघी भूमला लग्नाला गेलो. बेंबळीचीच राजनंदिनी तिथं दिली होती आणि रुखवत आमच्याकडचंच होतं. नवऱ्याची आत्या मथुराबाई पन्नाशीच्या, भरदार, आणि रुखवत तपासण्यात तरबेज. नवऱ्याकडच्या बायका घेऊन त्या टेबलापाशी आल्या. राजनंदिनी शेजारी उभी होती. उमाक्का आणि मी पाहुण्यांत.

"बैलगाडी तू केलीस व्हय?"

"हो आत्या. परीक्षा झाल्यापासून बसले होते."

"शिंगं कशाची?"

"खराट्याच्या काड्यांची."

उमाक्कांनी समाधानानं मान हलवली. पण मथुराबाईंनी कमरेचा मोबाइल काढला. "आजकाल समदं मोबाइलमदी मिळतं म्हनं. बघू तरी." आणि त्या मोबाइलमध्ये बोलल्या, "मोत्यांची बैलगाडी."

मी केलेल्या मेहनतीचं फळ दोन सेकंदांत त्यांच्या हातात आलं. पान झरकन उघडलं. फोटो मीच हलके केले होते.

"आता गं बया. हीच गाडी. बैलाच्या पाठीवरची झूल बी हीच." बायका पुढं वाकल्या. "बेंबळीचं दुकान हाय. आन् पोरगी कुठली? बेंबळीचीच." कुणीतरी हसलं. राजनंदिनीचा चेहरा पडला. तिच्या आईनं पदर तोंडाशी धरला. एकीनं 'आमच्याविषयी'मधला दोन वेण्यांचा फोटो पाहून विचारलं, "ही मुलगी कोन?" कुणाला ओळखू आली नाही.

मथुराबाईंना आता चेव चढला. "अजून कुणाकुणाला फसवलंय बघू," म्हणत त्यांनी 'आमची कामगिरी' उघडलं आणि मोठ्यानं नावं वाचत खाली सरकू लागल्या. एका नावाला सगळ्या हसल्या, दुसऱ्याला तर एक बाई "अगं, ही तर माझी जाऊ" म्हणून टाळी द्यायला गेली. मथुराबाईंचं बोट पुढं सरकलं आणि थांबलं.

उमाक्कांनी आणि मी मागून पाहिलं. पिवळा पडलेला फोटो. काड्यांचं दुमजली घर, त्यामागं मुंडावळ्या बांधलेली बारीक मुलगी, आणि खाली मी टाइप केलेलं : 'मथुरा, भूम. समदं रुखवत आपलं. घराचं दार आईनं दोनदा बदलून नेलं.'

मथुराबाईंनी मोबाइल पदराआड घेतला.

"काय झालं आत्या? वाचा की."

"नेट गेलं. इथं लई हळू चालतंय." त्यांनी बैलगाडीवरून बोट फिरवलं. "आन् तसल्या गाड्या छप्पन्न मिळत्यात. हिची झूल येगळी हाय. पोरगी हातानं हुशार हाय, दिसतंयच की."

पण जावेचं नाव सापडलेल्या बाईला अजून ऐकायचं होतं, तिचं समाधान होईना. तिची नजर उमाक्कांवर पडली. "तुमी पन बेंबळीच्या ना? ही उमादेवी कोन हाय, ओळखता का?"

इतकी वर्षं ज्या प्रश्नाची वाट पाहिली तो भर मांडवात समोर आला होता. उमाक्कांनी राजनंदिनीकडं पाहिलं, मग मथुराबाईंकडं.

"मला काय ठावं ताई," त्या म्हणाल्या. "मला तर सुईत दोरा बी ओवता येत न्हाय."

परतीच्या एसटीत त्यांनी आधी दोघींची तिकिटं काढली. मग म्हणाल्या, "माणूस मला आठवत न्हाय बघ. ते दार आठवलं. तिची आई म्हनायची, दार उघडझाप झालं पायजे." पुन्हा थोड्या वेळानं, "शिवे, माझं नाव काढ त्याच्यावरचं. फोटो बी काढ. नाव ऱ्हायलं तर गिऱ्हाईक ऱ्हायचं न्हाय."

गावात उतरायच्या आत दुकानाच्या नंबरवर पहिला फोन आला, मथुराबाईंचा. "ते जुनं फोटो तेवढं..." मग जिल्हाभरातून फोन सुरू झाले. भूमच्या मांडवातली बातमी एसटीपेक्षा लवकर पोचली होती. मी ते पान उतरवलं, उमाक्कांचं नाव आणि फोटोही काढला. मेसेज बंद केले. खोक्यांवरचं नाव अण्णांनी खतपोत्यांच्या कापडानं झाकलं. दुकान चाललं, पण उमाक्का आता माझ्याकडं विक्रीचे आकडे विचारायला येत नसत.

पुढचं अण्णांमुळं झालं. तुळजापूरच्या एका मुलीची बैलगाडी त्यांनी पॅक केली आणि एक चाक खिडकीत वाळत राहिलं. लग्न तोंडावर. मी चाक एसटीनं पाठवलं आणि ते कसं बसवायचं हे दाखवणारा उमाक्कांच्या हातांचा व्हिडिओ काढून धाडला. मुलीनं दोनदा वाकडं लावलं, दोनदा उमाक्कांना फोन करून रडली, तिसऱ्यांदा चाक बसलं तेव्हा तिनं त्यांचं नाव विचारून घेतलं.

लग्नानंतर आमच्या दुकानावर पहिलावहिला अभिप्राय आला. पूर्ण नाव, गाव, सासर, सगळ्यासकट. 'बैलगाडीचं चाक मी स्वतः लावलं. सासूबाईंसमोर काढून परत लावून दाखवलं. शिकवणाऱ्या उमादेवी.'

उमाक्कांनी ते माझ्याकडून वाचून घेतलं. मग अण्णांना वाचायला लावलं. मग दुकानात पेन घ्यायला आलेल्या माणसाला चष्मा देऊन वाचायला लावलं.

त्याच आठवड्यात आम्ही दुकान नव्यानं मांडलं. आता प्रत्येक वस्तूत एक गोष्ट मुद्दाम सुटी ठेवतो. गाडीचं चाक, घराचं दार, भटजींची शेंडी. सोबत उमाक्कांचा व्हिडिओ, त्यावर 'शिकवणाऱ्या : उमादेवी, बेंबळी', आणि या वेळी फोटो आत्ताचा. मुली नावासकट अभिप्राय लिहितात, कारण लपवायचं काही उरलेलं नाही. मागच्या खोलीतली तालीमही बंद झाली. आता ती व्हिडिओतच असते. खराट्याचं त्या अजूनही दोनदा सांगतात.

गेल्या आठवड्यात मथुराबाईंची ऑर्डर आली. मुलीचं लग्न, मोत्यांची बैलगाडी. सूचनेच्या चौकटीत लिहिलेलं, 'चाक लावूनच पाठवा. आमच्या पोरीला जमायचं नाही. पैसे जास्त घ्या.'

"काय उत्तर देऊ?" मी विचारलं.

उमाक्कांनी मोबाइल माझ्या हातून घेतला आणि एकेक अक्षर शोधत स्वतः टाइप केलं. 'तुमच्या घराचं दार म्या लावलं हुतं. गाडीचं चाक पोरीला लावू द्या. जमलं न्हाय तर मला फोन करायला सांगा. उमादेवी.'

पाठवल्यावर त्यांनी स्क्रीन जवळ धरून आपलं नाव एकदा तपासलं. मग मोबाइल माझ्याकडं दिला आणि भटजींसाठी दोऱ्याच्या शेंड्या कापायला बसल्या.