पहिली गोळी

अण्णा नगरात आमच्या शेजारी तंजावरकडचे एक मराठी काका राहत. काउबॉयच्या सिनेमांचं त्यांना भारी वेड. डीव्हीडी लावली की मलाही बोलवायचे आणि शेवटच्या झुंजीआधी हमखास माझं मनगट धरून तिथल्या तमिळ वळणाने म्हणायचे, "पाहा सार, हीरो पहिली गोळी कधी झाडत नाही. मोठेपण असतं ते हेच!"

त्या उन्हाळ्यात नळ आटले. पाण्याच्या लॉरीसमोर प्लास्टिकच्या घागरींची रांग लागायची. एकदा समोरच्या घरातल्या म्हातारीने काकांच्या घागरीपुढे आपली सरकवून भरून घेतली. काकांनी सरळ तिच्या घागरीला लाथ घातली. घागर लवंडली आणि म्हातारी रस्त्यावरचं पाणी ओंजळीने गोळा करू लागली.

संध्याकाळी काका नवी डीव्हीडी घेऊन दारात उभे. "येताय ना, सार?"

मी नकळत दोन्ही हात पाठीमागे नेले.