गाव कुठलं म्हणायचं

धरणाचं पाणी चढलं तेव्हा सरकारनं आम्हाला सांगलीच्या बाजूला एका माळावर आणून बसवलं. तिथं आमची बरीच नावं झाली. कागदावर आम्ही धरणग्रस्त. शेजारच्या गावासाठी वसाहतवाले. भांडण निघालं की 'उठून आलेली'. गावकरी म्हणजे ते. साताऱ्यात राहून बी. ए. झालो, घराण्यातला पहिलाच, तरी फाट्यावर वडापचा जीपवाला ओरडायचा, "चला, धरणग्रस्त उतरा!" ग्रस्त म्हणजे रोगानं धरलेला. मला कसला रोग झाला होता?

नव्वदच्या दशकाच्या मध्याला बहिणीला बघायला फलटणकडचे पाहुणे यायचे होते. बघायला आले की मुलीला पाटावर बसवून विचारतात: नाव काय, शिक्षण किती, गाव कुठलं. आधीची स्थळं 'वसाहत' ऐकूनच थंड पडली होती. गाव न्हाई त्यांची भावकी कुठं हुडकायची, असं म्हणाले म्हणे.

सकाळपासून वडिलांचं, म्हणजे आप्पांचं, आणि माझं जुंपलेलं.

"पोरी, जुन्या गावाचं नाव घे. मूळ सांगायला लाज कसली?"

"आप्पा, ते गाव पाण्यात आहे. इथं राहतो तर इथल्याच गावाचं नाव घ्यायचं."

"इथलं गाव तुला आपला म्हणतंय व्हय रं? कालेज शिकून बी कळंना तुला!"

मी आत यायचो, परत अंगणात जायचो. बहीण वेणी घालत होती.

पाहुणे आले. पोहे झाले. नवऱ्या मुलाचे मामा पलटणीतून निवृत्त झालेले, मिशी चोळत त्यांनी विचारलं, "गाव कुठलं, बाळ?"

तिनं आप्पांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"आवं मामा, जन्मले ते गाव पाण्याखाली हाय. ऱ्हाते ती वसाहत. आन शेजारचं गाव आमाला गावकरी म्हणत न्हाई. आता तुमीच सांगा, कुठलं सांगू?"

कुणी कप उचलेना. आप्पा उगाच खाकरले. मला वाटलं, गेलं हेही स्थळ.

"लय बोलती की पोरगी," मामा म्हणाले. "आगं, लगीन झालं की आमच्याच गावची म्हणायचं."

"तवा तरी गावकरी म्हणशिला न्हवं?"

मामांना असं हसू आलं की चहा धोतरावर सांडला. "न म्हणून जातोय कुठं? तू म्हणायला लावशील!"

आठवडाभर निरोप नव्हता. मी रोज फाट्यावर जाऊन उभा राहायचो, कुणाची वाट बघतोय हे न सांगता. शेवटी मध्यस्थ आला: पोरगी पसंत.

घरात साखर वाटली. बहीण शेजारणीला सासरच्या गावाचं नाव सांगत होती, जरा मोठ्यानंच. आप्पा भिंतीला टेकून बसले होते.

"तिला गाव मिळालं," ते म्हणाले. "उद्या तुला पोरगी बघाय जाऊ, तवा तू कुठलं सांगशील रं?"

मी चपला पायात अडकवल्या आणि फाट्याकडं चालू लागलो; तिथं तरी माझं नाव ठरलेलं होतं, धरणग्रस्त.