तानुबाईच्या कोंबड्यांची पसंती

चाकणजवळ कंपनीच्या भिंतीला पाठ लावून तानुबाईचं घर. जमीन कंपनीत गेली, पोरगा निरंजन तिथंच शिफ्टला जातो, पण तानुबाईनं परसातल्या कोंबड्या काही सोडल्या न्हाईत.

यंदा आखाडाच्या रविवारी निरंजनचे कंपनीतले दोस्त जेवायला यायचे होते. तानुबाईनं ठरवलं, लंगड्याला कापायचा. लंगडा म्हणजे घरचा जुना कोंबडा. एका पायानं अधू, शेपूट कुत्र्यानं नेलेली. त्याच्या जागी तिनं बाजारातून पांढराशुभ्र, झुपकेदार शेपटीचा नवा आणला. पिल्लं देखणी निघतील म्हणाली.

नवरा सोपानराव परसात लंगड्याशेजारी जाऊन बसला. त्याच्या चहात बुडवलेल्या बटरचा पहिला तुकडा रोज लंगड्याचा.

"तोंड का पाडलंय?" तानुबाई म्हणाली. "कोंबडा हाय त्यो, जावई न्हाई."

पण कोंबड्या नव्याला जवळ येऊ देईनात. तो पंख पाडून गिरक्या घ्यायचा. त्या मान तिरपी करून त्याच्या तुऱ्याकडं बघायच्या आणि लंगड्यामागं निघून जायच्या.

"डोळं फुटलं का ह्यांचं?" तानुबाई करवादली.

"त्यांचं शाबूत हायती," सोपानराव म्हणाला. "तुरा बघ की."

तिनं नव्याला बगलेत धरला. बाजारात लालभडक दिसलेला तुरा तेल चोळून चमकवलेला होता. आता शिळ्या मुळ्यागत फिक्का. लंगड्याचा मात्र रसरशीत लाल. पोटातले जंत रगत प्यायला लागले तर तुऱ्याला काय उरणार? ज्याचा तुरा लाल तो जंताला पुरून उरलेला. त्याची पिल्लंही बहुतेक चिवटच निघायची. हे सगळं माहीत असून आपण शेपटीला भुललो, हे तिला लागलं.

रविवारी तिनं लंगड्याला डालग्याखाली झाकला आणि नव्याला कापला. आतड्यात शेवयांगत जंत. तिनं आतडी पुरून टाकली, मटण चार पाण्यांनी धुतलं. रस्सा फक्कड झाला.

जेवताना गणराज म्हणून निरंजनचा दोस्त होता, त्यानं विचारलं, "मामी, मामांना कसं पसंत केलं वो?"

"गावात तापाची साथ आलेली. सगळी पोरं अंथरुणात, ह्यो एकटाच घरोघर पाणी भरत हिंडत हुता. रूपाच्या नावानं आनंदच."

सोपानरावानं टकलावरनं हात फिरवला. "अन् तुरा?"

"गप जेवा," ती म्हणाली, आणि चांगली नळी शोधून त्याच्या ताटात वाढली.

सोपानरावानं भाकरीचा पापुद्रा हळूच बाजूला काढून ठेवला. डालग्याखाली कोणीतरी वाट बघत होतं.