प्रश्नचिन्ह कुठे देऊ?

बाळांनो, तिकडे परदेशात टीव्हीवर सरकारी सुनावण्या पाहून तुम्ही फोनवर म्हणालात, "आजी, हे पुढारी प्रश्न विचारतच नाहीत, नुसती भाषणं करतात." मला हसू आले. नव्वदच्या दशकात भिंगारला मी हे हातात पेन घेऊन पाहिले आहे.

आमच्या गल्लीत नळाला पाणी यायचे, पण केव्हा ते कोणालाच ठाऊक नसे. शेजारच्या नर्सबाईंची ड्युटी सकाळी सातची. "ताई, मी कुलूप लावलं की नळ सुरू!" त्या म्हणायच्या. संध्याकाळी दमून आल्या की हातपंपावर रांग लावायच्या.

शेवटी पाण्याची सुनावणी ठरली. अधिकारी परप्रांतातले, त्यांना इतिवृत्त इंग्रजीत हवे होते. मी शाळेत इंग्रजी शिकवायची, म्हणून मला त्यांच्याजवळ बसवले. मी वहीत दोन रकाने आखले, प्रश्न आणि उत्तर. लोकांच्या वतीने गावातले दोन पुढारी प्रश्न विचारणार होते. पण केबलवाला कॅमेरा घेऊन आला होता. पहिले पुढारी उठले, ते अधिकाऱ्यांकडे पाठ करून थेट कॅमेऱ्याकडे वळले. "माझ्या मायभगिनींनो!" पाण्यासाठी ते रक्त सांडायला तयार होते.

"साहेब, प्रश्न काय लिहू?" मी पुढाऱ्यांना विचारले.

"बाई, आमची भावना लिहा!"

"लिहिली. प्रश्नचिन्ह कुठे देऊ?"

सगळा हॉल हसला. दुसऱ्या पुढाऱ्यांनी टोपी नीट केली. "मला विचारायचंय..." मी पेन टेकवले. ते आजोबांच्या विहिरीपासून निघाले आणि अर्ध्या तासाने गरजले, "हाच माझा प्रश्न आहे!"

"कोणता?" मागून नर्सबाईंनी विचारले.

अधिकाऱ्यांनी माझ्या वहीत डोकावून पाहिले. प्रश्नाचा रकाना कोरा. त्यांनी नर्सबाईंनाच बोलायची खूण केली.

"नळ किती वाजता येणार?"

मी इंग्रजीत सांगितले. अधिकाऱ्यांनी पाणीपुरवठ्याच्या इंजिनिअरकडे पाहिले, इंजिनिअरने छताकडे. "पहाटे साडेपाचला सोडता येईल."

"रोज?"

"रोज."

दोन प्रश्न, दोन उत्तरे. प्रश्नचिन्हे मी ठळक काढली आणि खाली इंजिनिअरची सही घेतली.

पुढच्या रविवारी संध्याकाळी केबलवर सुनावणी लागली. सगळी गल्ली आमच्या घरी. दोन्ही भाषणे अख्खी दाखवली, नर्सबाई मात्र कुठेच नाहीत. त्या बोलल्या, नेमका तेव्हाच केबलवाला कॅसेट बदलत होता.

"अहो, तुम्हाला गाळलं की!" मी हळहळले.

"गाळू द्या, ताई," डोक्यावरून हात फिरवत त्या म्हणाल्या. "आज ड्युटीच्या आधी केस धुतलेत मी!"