बाबांना घरी कोणी आणलं?

या सदरातले अनुभव मी दर महिन्याला वाचतो आणि खरं सांगायचं तर बहुतेकांना हसतो. भूत, चकवा, देवचार... यातलं काही मी कधी मानलं नाही. गावच्या शाळेत विज्ञान शिकवतो, मुलांनाही तेच सांगत आलो. पण वडील गेल्या पावसाळ्यात गेले, आणि एक गोष्ट आता एकट्याने सांभाळवत नाही.

आमचं घर मसुऱ्याजवळ, गड नदीच्या काठाला. घरामागे देवाची राई. तिथली वाळकी काटकीसुद्धा कोणी उचलत नाही, त्यामुळे भर दुपारीही आत अंधारलेलं असतं. संध्याकाळी बाबा या राईला फेरा घालायचे. घरून नदीकाठाने जायचं, राईला वळसा घ्यायचा, व्हाळावरचा साकव, म्हणजे ओढ्यावरचा लहान पूल, ओलांडून देवळामागून घरी. सपाट, सोपी वाट. नियम एकच – फेरा सुरू केला की मागे वळायचं नाही, पुरा करायचा.

छप्पन्न-सत्तावन्न साल असेल. आई जाऊन वर्ष झालं होतं आणि बाबांना मोतीबिंदूमुळे नुसत्या सावल्या दिसायच्या. मामाने मला मुंबईला गोदीत नोकरी बघून ठेवली होती. आठवड्याभरात निघायचं होतं. त्या संध्याकाळी बाबांचा हात धरून मी फेऱ्याला निघालो आणि वाटेत तोच विषय निघाला.

"माका कोणाच्या गळ्यात घालून जातलंस?"

"सून आसा ना घरात."

"ती गुरां बघतली, पाणी भरतली, की माका फिरवतली? जा, जा. थंय गोदी आसा, हयं नुसतो बापूस."

माझं डोकं फिरलं. नदीच्या वळणावर बसायला एक जांभा दगड होता, त्यावर त्यांना बसवलं. म्हटलं, "तुमी हयंच बसा. माका वायच एकट्याक चलू दे."

थोडा पुढे गेलो तोच मागून हाक आली. "झिला, हात दी रे... भरती येता हा."

मला स्वच्छ ऐकू आलं. भरतीला तो दगड बुडतो, हेही ठाऊक होतं. पण फेऱ्यात मागे वळायचं नसतं ना! जो नियम मी कधी मानला नाही, तो त्या क्षणी मला सोयीचा वाटला. मी चालत राहिलो.

साकव ओलांडून त्याच्या टोकाशीच बसलो. विडी पेटवली. संपल्यावर दुसरी. मनात मुंबईच होती. मग खाली लक्ष गेलं. व्हाळाचं पाणी उलटं, वरच्या अंगाला चढत होतं. भरती चांगलीच आत आली होती...

आलो तसा उलटा धावत सुटलो. वाटेत चिटपाखरू नव्हतं. वळणावर पोचलो तर दगड पाण्याखाली. कांदळाच्या मुळांत अडकून बाबांची काठी गरगर फिरत होती.

"बाबा! बाबा रे!"

छातीभर पाण्यात उतरलो. पायांनी चिखल चाचपला, मुळांत हात घातले. एकदा हाताला काहीतरी मऊ लागलं... बाहेर ओढलं तर कुजकं गोणपाट. काळोख पडायला लागला तसा माणसं बोलवायला काठाकाठाने घराकडे पळालो. बायकोला काय सांगायचं, एवढंच डोक्यात होतं.

बाबा पडवीत बसून चहा पीत होते.

बायको मला बघून म्हणाली, "ह्यां काय? मामंजींका सोडलात, न बोलता परसात गेलात, आणि इतक्यात न्हावन इलात?"

तिने आम्हा दोघांना देवळामागून येताना पाहिलं होतं. अंगावर माझाच खाकी सदरा. तिने हाक मारली, पण 'मी' वर बघितलं नाही.

"काठी खंय?" मी कसंबसं बाबांना विचारलं.

"तुझो हात होतो मरे! काठी कित्याक व्हयी?" बाबा हसले. आई गेल्यापासून पहिल्यांदाच. "साकवार तर पोराक धरतत तसो माका धरलंस. आणि म्हणालंस, 'बाबा, मी खंयच जावचंय नाय.' आवाज भरून इल्लो तुझो. माका बरां वाटलां, झिला."

साकवाच्या टोकाशी तर मी बसलो होतो. तिथून कोणीही गेलं नाही. नंतर आडून आडून सगळ्या वाडीत विचारलं. त्या वेळी राईकडे कोणीच फिरकलं नव्हतं.

बाबांना मी काय सांगणार होतो? "होय," म्हटलं. मामाला नकार कळवला, इथेच शाळेत लागलो. पुढे बाबा येईल त्या पाहुण्याला सांगायचे, "माझ्या झिलान माका हातान धरून घराक हाडलो आणि शब्द पाळलो." बाराव्याच्या पंगतीतही लोक तेच बोलत होते. मी खाली मान घालून भात वाढत होतो.

बायकोलाही हे आता, छापून आल्यावरच कळेल.

तो कोण होता, याचा उलगडा मला झालेला नाही, होईल असंही वाटत नाही. मला छळतं ते वेगळंच. बाबा ज्याच्या शब्दावर एवढी वर्षं निर्धास्त झोपले, तो मी नव्हतो... आणि हे मी त्यांना शेवटपर्यंत कळू दिलं नाही.