फोन मुका लागला तर लिंबाखाली

वैजनाथाइतका घाबरट गडी म्या साऱ्या तेरखेड्यात बघितला न्हाय. हे त्याच्या तोंडावरबी म्हणते, मला कुणाची चोरी हाय का? मी हरणाबाई. फटाक्याच्या कारखान्याच्या गेटवर बसते. आत जाणाऱ्या बायांची झडती घेते, काडेपेटी हाय का बघते, मोबाईल बंद करायला लावते आन् पेटीत टाकून घेते. आत मोबाईल चालत न्हाय. मालकाचाबी न्हाय.

म्हणून आत टेबलावरचे फोन हायत. दिसायला साधे, पर हायत इंटरनेटवरचे. फटाक्याच्या दारूचं काम, त्यामुळं शेडं एकमेकांपासून लांब लांब. दर शेडात एक फोन आन् समद्यांच्या वायरी हापिसातल्या एका काळ्या डब्यात जातात. डब्यावर बारके हिरवे दिवे लुकलुकत असतात. वैजनाथ सांगायचा, मावशी, जुन्या फोनला तारेतनंच करंट मिळायचा, लाइट गेली तरी त्यो बोलायचा. ह्या फोनांचा जीव डब्यात हाय. डब्याला बॅटरी लावलीय, लाइटीची भीती न्हाय. पर कुणी डबाच बंद केला तर समदे फोन मुके.

हे समदं त्यानंच जोडलं. आधी त्यो बार्शी-धाराशिवकडं बँकांत आन् दुकानांत कॉम्प्युटर जोडत हिंडायचा. इथं आला, चार नंबरच्या शेडात फोन बसवला आन् हापिसातनं वाजवून बघितला. तिथं मोनिका कामाला व्हती. हा आपला, ऐकू येतंय का, ऐकू येतंय का. ती म्हणाली, "हं." तेवढंच. मग ह्या बाबानं चार नंबरचा फोन लई येळा तपासला. बाकीच्या शेडांनी काय घोडं मारलं व्हतं कोण जाणे. वर्षाच्या आत दोघांचं लगीन झालं आन् हा इथंच नोकरीला चिकटला.

लगीन झालं आन् त्याचं काळीज पार चिमणीएवढं झालं. तवर वायर म्हंजी वायर व्हती. आता वायरीच्या त्या टोकाला बायको बसत व्हती, दारूच्या ढिगाशेजारी. काम सोड म्हणून त्यानं तिला लई विनवलं. ती म्हणाली, मला हेच काम येतं आन् मला ते आवडतं. झालं, इषय संपला. मग त्यानं रोज सकाळी समद्या शेडांना फोन लावायचा सपाटा लावला. कुणीतरी उचलायचं आन् 'हं' म्हणायचं. मोनिकाबी हं म्हणायची आन् लगीच ठेवून द्यायची. वर बायांना म्हणायची, आमच्या येड्याचं समाधान झालं, चला कामाला लागा.

आन् एक नियम काढला त्यानं. काम सुरू करायच्या आधी फोन उचलून कानाला लावायचा. आवाज न्हाय आला तर हातातलं हाय तिथं ठेवायचं आन् गेटजवळच्या लिंबाखाली येऊन बसायचं. दुसऱ्या शेडात काय झालं आन् फोन मुका असला, तर तुमाला सांगणार कोण, असं त्याचं म्हणणं. बोलणं खोटं न्हाय. पर बाया हसायच्या. समद्यात जास्त हसायची मोनिका.

तर ह्या खंडेनवमीची गोष्ट. त्या दिशी कारखाना बंद असतो. हत्यारांची, मशिनींची पूजा व्हते आन् मशिनीला त्या दिशी कुणी हात लावत न्हाय. पर आदल्या दिशी चार नंबरचा माल ओट्यावर वाळत घातलेला, आन् सकाळपासनं आभाळ भरून आलेलं. माल आत घ्यायला मोनिकासकट तीन बाया बोलावल्या. वैजनाथ आईला घेऊन येडशीला रामलिंगाला गेलेला. जाताना मला म्हणाला, मावशी, लक्ष ठेवा. म्या म्हणलं, व्हय बाबा, जा आता.

पुढचं त्यानं मला मागनं सांगितलं. त्याच्या मोबाईलवर दर शेडाचा एक ठिपका दिसतो. फोन चालू असला की हिरवा, बंद पडला की लाल. देवळाच्या पायऱ्या चढता चढता त्यानं मोबाईल काढला. समदे ठिपके हिरवे. दर्शन घेऊन बाहेर आला, परत बघितलं. समदे लाल. एक न्हाय, दोन न्हाय, समदेच्या समदे. बॅटरी असताना समदे एकदम कसे जातील? हापिसच उडलं असलं तरच जातील, असं त्याच्या मनानं घेतलं. मोनिकाला लावला, बंद. मला लावला, बंद. मॅनेजरला लावला, त्योबी बंद. लागतील कसे? समदे मोबाईल माझ्याच पेटीत निजलेले.

आईला तिथंच प्रसादवाल्याजवळ बसवलं आन् गाडीला किक मारली. वाटंत येरमाळ्यात देवीच्या नवरात्राची ही गर्दी. बायका वाट देईनात, ह्याला हॉर्न वाजवायचं सुचंना. गावाच्या अलीकडं आला आन् कारखान्याच्या अंगाला आभाळ काळंभोर दिसलं. ते आभाळ हाय का धूर, ते त्याला कळंना. मावशी, मला वाटलं गाडी उलटी फिरवावी, असं म्हणाला. म्हंजी तवर तरी ती जित्ती असल.

गेटवर आला. आन् समोर लिंबाखाली मोनिका बसलेली. शेजारी त्या दोघी. वर बारीक पाऊस, आन् तिकडं ओट्यावर माल भिजत पडलेला.

झालं असं व्हतं. तिघी शेडात गेल्या. मोनिकानं फोन उचलला, कानाला लावला, न्हाय आवाज. जी हसत व्हती ना, तिनंच दोघींना दंडाला धरून बाहेर काढलं. आमचे मॅनेजर शंकरप्पा अण्णा लई तापले. पोरी, माल भिजतोय, फोनचं काय घेऊन बसलीस, म्हणाले. तिनं एवढंच सांगितलं, "अण्णा, फोन बोलूद्या, मग जाते." अण्णा काय फोनाला हात लावीनात, आन् ही काय उठंना. का हात लावीनात, ते तवा मलाबी कळलं न्हाय.

वैजनाथानं तिच्याकडं नुसतं बघितलं आन् तसाच हापिसात घुसला. हा आता अण्णांना काय करतो म्हणून मी मागनं धावले. डब्याला हळद-कुंकू लावलेलं, झेंडूचा हार घातलेला, म्होरं पेटती समई, वर्षातनं एकदा हापिसापुरती तेवढी मुभा. आन् हिरवे दिवे समदे गप.

अण्णा उभेच व्हते. हलक्या आवाजात म्हणाले, "वर्षभर रात्रंदिवस राबतंय बिचारं. म्हणलं, आज समद्या मशिनी विसावा घेतात, ह्येला तरी एक दिवस घेऊद्या. समई शांत होईस्तोवर हात लावत न्हाईत आमच्यात."

वैजनाथ खाली बसला, फरशीवरच. मग त्यानं डब्याला हात जोडले आन् बटण दाबलं. अण्णांनी तोंड फिरवलं, पर अडवलं न्हाय. एकेक करून दिवे हिरवे झाले.

त्यानं चार नंबर लावला. म्या म्हणलं, येड्या, ती तर लिंबाखाली बसलीय, कुणाला लावतूस? त्येला ऐकूच गेलं न्हाय. रिसीव्हर टेबलावर ठेवून त्यानं स्पीकर दाबला. पलीकडं रिकाम्या शेडात फोन वाजत राहिला, वाजत राहिला. म्या खिडकीतनं बघितलं. मोनिका उठली, पदर डोक्यावर घेतला आन् पावसातनं शेडाकडं चालली. ऐकलं असल तिनं लिंबाखालनं.

फोन उचलला. हिकडं ह्यानं स्पीकरजवळ कान नेला. रोजच्यासारखं हं म्हणून ठेवून देईल असं वाटलं मला. तिनं ठेवला न्हाय.

"मी हाय," ती म्हणाली. "ऐकू येतंय ना? मी हाय हितं."

ह्यानं कसंबसं हं म्हणलं. अण्णांनी त्याच्या म्होरं पाण्याचा तांब्या सरकवला.