आप्पांचा कासरा आणि तिसरीचं वर्तुळ

गणित या विषयाला छप्पर सोसत नाही, असं ठाम मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या शेजारच्या वर्गावर होता. नव्वदच्या दशकात वरवंडजवळच्या एका वस्तीवरच्या शाळेत मी चौथीला शिकवायचे आणि हे गुरुजी तिसरीला. हजेरी, खडू, डस्टर असं सगळं क्रमाने तपासून मी वर्गात शिरेपर्यंत त्यांचा वर्ग उठून गावात गेलेला असायचा. तीनचा पाढा देवळाच्या पायऱ्यांवर, दर तिसऱ्या पायरीवर उडी मारत. पायऱ्या संपल्या की उरलेला पाढा थेट सभामंडपात, आणि पुजारी कपाळाला हात लावून बसलेले. वजनं कांद्याच्या चाळीत. परिमिती म्हणजे बसलेल्या म्हशीभोवती सुतळी. म्हैस मध्येच उठली की “गुरुजी, उत्तर पळालं!” अशी बोंब माझ्या वर्गापर्यंत ऐकू यायची. ईदला गुरुजी आम्हा सगळ्यांना घरी बोलवायचे आणि शिरखुर्म्याचा डाव हातात धरून विचारायचे, “बाई, पाव वाटी अधिक पाव वाटी देऊ, का एकदम अर्धी?” हिशोब सुटेपर्यंत शिरखुर्मा निवायचा.

वर्तुळाच्या दिवशी मात्र घात झाला. वर्तुळाला दोरी हवी, म्हणून त्यांनी शेजारच्या आप्पांच्या बैलाचा कासरा सोडून आणला. मैदानावर फक्कीचं वर्तुळ असं सुरेख उमटलं की मीसुद्धा खिडकीतून पाहत राहिले. तेवढ्यात मोकळा बैल भावकीच्या उसात शिरला. आप्पा शाळा समितीचे अध्यक्ष. “आवं, ही शाळा हाय का गुरं सोडल्यात?” असं फाटकातून ओरडून ते गेले, आणि त्यांची तक्रार तालुक्याला पोचली. गुरुजींची बदली होणार, असं सगळे बोलू लागले. गुरुजी तेव्हा लिंबाच्या सावलीची लांबी घेत होते.

मग तालुक्याहून तपासणीला शिक्षण खात्याचे साहेब आले. त्यांनी सगळ्यांना वर्गात बसवून विचारलं, “चोवीस भागिले सहा?” पोरं खिडकीतून लिंबाकडे बघू लागली. शेवटी आप्पांचीच नात सुरेखा उठली. “साहेब, बाहीर जाऊ का?”

“मधल्या सुट्टीत जा,” साहेब म्हणाले.

“साहेब,” गुरुजी अदबीने म्हणाले, “तिला गणिताला जायचंय.”

साहेबांनी मान हलवायचा अवकाश, अख्खी तिसरी लिंबाखाली धावली. चोवीस पोरांनी भराभर सहा-सहांची टोळकी केली. “चार!” झाडावरची पाखरं उडाली.

साहेब हसले, पण लगेच सावरले. “गुरुजी, परीक्षा वर्गातच असते.”

“व्हय साहेब. तिथंच तर सगळं चुकतंय.”

हे वाक्य त्यांनी गिळलं असतं, तर कदाचित निभावलं असतं. महिन्याभरात शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईला बदलीचा हुकूम आला. आप्पा तडक शाळेत. “बाई, म्या फकस्त कासरा मागितला व्हता. माणूस काढा असं कवा म्हनलो?” ते तालुक्याला दोन खेपा घालून आले. हुकूम काही फिरला नाही.

निरोप समारंभाची सगळी तयारी मी चोख केली होती. हार, नारळ, भाषणं, चहा. पोरांनी भाषणाआधीच गुरुजींना बाहेर काढलं. शाळेपासून फाटा किती पावलं, हे म्हणे एकदाही मोजलं नव्हतं. गुरुजी मधे, हातात ट्रंक, आणि दोन्ही अंगाला मोठ्याने मोजणारी तिसरी. मी हार घेऊन मागून. फाट्याच्या जवळ आवाज हळूहळू बारीक होत गेला. शिरूरची एस्टी आली, गुरुजी चढले, गाडी गेली.

परतताना मी विचारलं, “किती भरली गं पावलं?”

सुरेखा खाली बघत चालत राहिली. “मधीच चुकलं, बाई,” ती म्हणाली. “आता परत मोजाय गुरुजीच पायजेल.”